लागलं का काही?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत रिकामं बसलेल्या माणसाला कोणी सुखानं बसू देत नाही. टोमॅटो संपला की कांदा, कांदा उरकला की बटाटा, आणि मधे फट सापडलीच तर द्राक्षाची छाटणी. बांधावर जरा टेकलात की जाणारा मोटारसायकल थांबवून विचारतो, "काय ओ, तब्येत बरी हाय ना?" हातात काठी आणि काठीला तंगूस दिसला, तर मात्र तब्येतीची चौकशी होत नाही. मग एकच प्रश्न येतो, "लागलं का काही?" त्याला "अजून नाही" एवढं उत्तर पुरतं आणि माणूस उन्हं कलेपर्यंत बसायला मोकळा. गळाचा खरा उपयोग हा आहे. खोडद आणि आसपासच्या परिसरात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना, एकेक 45 मीटर रुंदीची, वर्षानुवर्षं आकाशाकडे तोंड करून बसल्या आहेत. त्यांना कोणी विचारत नाही लागलं का काही म्हणून. सरकारी असण्याचे फायदे.

आमच्या या निवांतपणाचं वाटोळं इंग्लंडातल्या भाच्यानं केलं. तो नोकरीसाठी तिकडे गेला आणि ऐन थंडीत रविवारी तळ्याकाठी जाऊन बसू लागला. तिथं म्हणे मासे पाळलेली खास तळी असतात, काठावर नंबर घातलेल्या जागा असतात आणि त्यांना पेग म्हणतात. सकाळी चिठ्ठ्या काढून कोणाला कोणता पेग ते ठरतं. शिट्टी झाली की सगळ्यांनी गळ टाकायचे, दुसरी शिट्टी झाली की उचलायचे. मधल्या वेळेत मिळालेले मासे पाण्यातच जाळीत राखून ठेवायचे, शेवटी तोलायचे, ज्याचं वजन जास्त तो जिंकला. आणि मग सगळे मासे परत तळ्यात. गारठ्यात कार्प फारसं तोंड उघडत नाही, त्यामुळे दिवसभरात एक मासा लागला तरी बक्षीस मिळू शकतं. हे भाच्यानं फोनवर सांगितलं आणि मी स्पीकर चालू ठेवला होता. समोर जनावरांचे डॉक्टर, कांद्याचे एक आडते, निवृत्त मास्तर आणि आमचे मेव्हणे बसले होते. चहा संपायच्या आत नियम ठरले, वर्गणी ठरली आणि खजिनदारावरून पहिला वादही झाला.

पाण्याची इथं ददात नाही. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. पण धरणातला मासा म्हणजे रानातली बोरं नव्हेत. मासेमारीचा हक्क ठेक्यानं दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमारांच्या सोसायटीला. आम्ही रीतसर परवानगी मागायला गेलो तेव्हा तिथले एक बुजुर्ग आमच्या काठ्या बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "बसा की. या थंडीत आमच्या जाळ्यात येईना, तुमच्या गळाला आलं तर जागा तेवढी दाखवून जा."

डिंभ्याचं आकर्षण मला पहिल्यापासून आहे. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू इथल्याच महाळुंगे पडवळचे, मुंबईत 12 डिसेंबर 1930 ला विदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवे झाले ते. या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, बाजारपेठ मंचरला आणि ज्याच्यावरून नाव पडलं ते गाव तळाशी. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्याच आदिवासी कुटुंबांनी पुढं याच पाण्यावर मासेमारीची सोसायटी उभी केली. ती हिंमत वेगळीच. बाकी जुन्या आंबेगावात आज राहतात ते रोहू, कटला आणि मृगळ, आणि तेही मूळचे इकडचे नव्हेत. मूळ मुक्काम गंगेकडे. साठवलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून बोटुकल्या गावोगाव पोहोचल्या. आमच्या डॉक्टरांना ही हकिगत फार आवडते. इंजेक्शननं सुटलेला कोणताही प्रश्न त्यांना आवडतो.

पहिली मॅच आम्ही येडगावला धरली. आदल्या रविवारी जाऊन काठावरचं गवत काढलं, अंतर मोजून खुंट्या रोवल्या, मास्तरांनी त्यांवर शाळेतल्या वळणदार अक्षरात आकडे रंगवले. पुढच्या रविवारी पोहोचलो तर खुंट्या जागच्या जागी, आकडे शाबूत, पाणी मात्र चिखलाच्या पट्ट्यापलीकडे गेलेलं. रब्बीचं आवर्तन सुटलं होतं. येडगावचं पाणी डाव्या कालव्यानं निघतं आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातं. कधी सोडायचं, किती सोडायचं हे कालवा सल्लागार समिती ठरवते, आणि त्या बैठकीतल्या शब्दांचे पडसाद पुढं कितीतरी दिवस पेपरात उमटत राहतात. आडते तिथल्या तिथं निवेदन द्यायला निघाले होते. पण ज्या पाण्यावरून पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर असे तीन जिल्हे इरेला पेटतात, त्यात मॅचवाल्यांची म्हणून आणखी एक बाजू मांडणं बरं दिसलं नसतं. त्या दिवशी आम्ही चिखलात पाय रुतवून कालव्याच्या दिशेनं बघत बसलो.

म्हणून मग मेव्हण्यांचं शेततळं. त्याचं पाणी कोणाच्या समितीच्या हातात नाही, मेव्हणीच्या हातात आहे. द्राक्षासाठी खोदलेलं, 500 मायक्रॉनचा काळा कागद अंथरलेलं आणि जोडधंदा म्हणून रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस सोडलेलं. शेततळ्याचा कागद ही गंमतीची गोष्ट नाही. शेवाळ धरलेल्या त्या उतारावरून पाय सटकला तर पोहणारालाही बाहेर येता येत नाही, दर वर्षी जीव जातात. म्हणून मेव्हण्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब सोडून ठेवल्या आहेत, आणि बसायचं ते कुंपणालगत, टोमॅटोच्या कॅरेटवर. मेव्हण्यांची खरी काळजी मात्र वेगळी होती. "गळ कागदाला लागला आणि भोक पडलं," ते म्हणाले, "तर खर्च ज्याचा गळ त्याच्याकडं." तिथल्या तिथं पोटनियम झाला की गळ तळाला टेकवायचा नाही.

आता यातली गोम बघा. उन्हाळ्यात कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की या तिघांचीही भूक मंदावते आणि ते खोल जाऊन स्वस्थ बसतात. थंडीत त्यातल्या त्यात तोंड हलवतो तो सायप्रिनस, आणि त्याचा सगळा जन्म तळ उकरण्यात जातो. म्हणजे मासे तळाला आणि गळाला तळबंदी. अशा रीतीनं शून्य माशांची मॅच आम्ही पूर्णपणे लोकशाही मार्गानं भरवली.

वेळेच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत झालं, बिबट्यासकट. शेततळ्याला लागून मेव्हण्यांचा ऊस आहे, आणि ऊस म्हटलं की इकडे पहिला विचार गाळपाचा येत नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते काही शोभेला नाही. त्यामुळे उजाडल्यावरही चांगलं ऊन पडेपर्यंत कोणी तळ्याकडे फिरकत नाही. इंग्लंडात पहाटे उठून जागा धरणारे लोक असतात असं भाचा सांगतो. त्यांच्याकडे ऊस नाही. सुदैवानं थंडीत मासेही अकरानंतर, पाणी जरा कोमट झाल्यावरच हलतात.

खरी स्पर्धा चालते ती आमिषाची. कोण काय मळून आणतो हे शेवटपर्यंत गुपित. कणीक सगळ्यांचीच. मास्तर तिच्यात शेंगदाण्याची पेंड आणि हिंग घालतात, आडते उकडलेला बटाटा आणि वेलदोडा. डॉक्टरांच्या गोळ्याला जनावरांच्या औषधाचा वास येतो आणि ते ठामपणे नाकारतात. याला घराणं मोठं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 1129 च्या सुमारास सिद्ध केलेल्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचं प्रकरणच आहे. कोणते मासे कुठं सापडतात, कोणाला काय खाऊ घालावं, दोरी आणि काठी कशी असावी, सगळं राजानं सांगून ठेवलंय. मास्तर हे दर वेळी ऐकवतात. आडत्यांचं म्हणणं असं की राजाला काय, पदरी माणसं होती, कणीक मळायला घरात कोणाची बोलणी खावी लागत नव्हती.

त्या रविवारी शिट्टी झाली आणि पाचही बुचं पाण्यावर उभी राहिली. डॉक्टरांचं बूच नव्हे, मोराच्या पिसाची दांडी, टोकाला लाल नेलपॉलिश. हे नेलपॉलिश कोणाचं हा प्रश्न डॉक्टरीणबाईंनी आधीच उपस्थित केलेला आहे. वारा नव्हता. तंगूसावर दवाचे बारीक मणी ओळीनं बसलेले आणि काळ्या कागदामुळं पाणी इतकं काळं की दांडीचं प्रतिबिंब मूळ दांडीपेक्षा ठळक. डॉक्टरांच्या शेतात त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. रात्रभर गव्हाला पाणी भरून ते आले होते आणि उन्हं अंगावर येताच कॅरेटवर बसल्या बसल्या झोपले. दांडी एकदा थरथरली. परत सरळ. मग आडवी झाली, तरंगली आणि हळूच तिरकी पाण्यात निघून गेली.

"डॉक्टर!" मेव्हणे ओरडले. डॉक्टर दचकून उठले आणि सवयीनं आधी बॅटरी शोधू लागले. तोवर काठी कॅरेटवरून घसरत कागदावर निघाली होती. ती मास्तरांनी धरली, फिरकी डॉक्टरांनी फिरवली, जाळं आडत्यांनी घातलं. चांगला दणकट सायप्रिनस, मिशा फुटलेला, सोनेरी. तो तळालाच लागलेला असणार, पण त्या घडीला पोटनियम कोणी काढला नाही.

मेव्हण्यांच्या मातोश्री तोवर आल्या होत्या. तोलून परत सोडणार म्हटल्यावर त्यांना पटेना. "सोडायचा व्हता तर धरला कशाला? दमावला बिचाऱ्याला." मार्गशीर्ष चालू होता. घरात महिनाभर मासा शिजणार नव्हता, त्यामुळं खायचाही नाही आणि सोडायचाही नाही अशा पेचात त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग "मला काय करायचंय" म्हणून मासवडीच्या तयारीला गेल्या. बेसनाच्या आवरणात तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली, वर झणझणीत रस्सा. आमच्या भागात हमखास मिळणारा मासा म्हणजे हाच, आणि त्याला काटाही नसतो.

काटा आडत्यांकडे होता. डॉक्टरांचा सायप्रिनस ओल्या गोणीत घालून टांगला, गोणीचं वजन वजा केलं आणि भरला एक किलो दोनशे. मास्तरांनी दिवसभरात गाजावाजा न करता चिलापी काढल्या होत्या, बारक्या बारक्या, न सोडता आलेल्या पाहुण्यासारख्या तळ्यात शिरलेल्या. त्यांचा ढीग भरला बरोबर एक किलो. मॅच कार्पची आणि चिलापी कार्प नव्हे, हा डॉक्टरांचा मुद्दा बिनतोड होता. पण आडत्यांचा हात तोवर सवयीनं वहीवर चालू झाला होता. "ओला माल आहे," ते म्हणाले, "दोनशे ग्रॅम कडता. तोलाई वेगळी." डॉक्टर म्हणाले, मासा कोरडा कसा असेल? आडते म्हणाले, ते मालवाल्यानं बघायचं. मास्तरांच्या चिलापीला कडता का नाही, तर तो किरकोळ माल, त्याला लागत नाही.

तोवर तो सायप्रिनस गोणीतून उसळी मारून, कागदावरून सरकत पाण्यात गेलाही होता, त्यामुळे फेरतोलाईचा प्रश्न मिटला. बक्षिसाची पहिली मासवडी मास्तरांच्या ताटात पडली. डॉक्टरांनी निकालाविरुद्ध वहीत लेखी हरकत नोंदवली आहे. तिच्यावर सुनावणी कधी घ्यायची हे अजून ठरलेलं नाही, कारण आडते म्हणतात की पुढची तारीख कालवा समितीच्या बैठकीनंतरच लावावी.