काटा सोडून काहीही

विद्यार्थी संशोधनाची पहिली पायरी म्हणजे फ्लेक्स. विषय ठरायच्या आधी फ्लेक्स ठरतो, कारण त्यावर फोटो कुणाचे आणि केवढे, हा प्रश्न कुठल्याही गृहीतकापेक्षा अवघड असतो. वर संस्थापक, मधे अध्यक्ष, बाजूला सचिव, खाली प्राचार्य. आणि अगदी कोपऱ्यात, खांबाला सुतळी बांधतात तिथं, ‘विद्यार्थी संशोधन महोत्सव’.

कराडच्या पंचक्रोशीत आता विद्यापीठांची टंचाई नाही. मलकापुरात कृष्णा विश्व विद्यापीठ आहे, साताऱ्यात रयतची तीन महाविद्यालयं मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, आणि बाकीची बरीच मंडळी १९६२ पासूनच्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. पुढं सांगतो ते यांतल्या कुणा एकाचं नव्हे. ते इतक्या ठिकाणी घडतं, की नाव घेतलं तर बाकीचे रुसतील.

तर, वेळ सकाळी दहाची असते आणि पाहुणे साडेअकराला येतात. तोवर पोरं आपापल्या पोस्टरशेजारी ताटकळतात. एकाचं ठिबक सिंचनाचं मॉडेल सलाइनच्या नळीचं आहे आणि ते नको तिथंच ठिबकतंय. पलीकडे एक मुलगी पोस्टरचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून उभी आहे, सेलोटेप स्टेजवर गेलाय. मग दीपप्रज्वलन, रोपट्याला पाणी, ग्रंथ देऊन स्वागत, प्रास्ताविक, परिचय आणि ‘मी फार वेळ घेणार नाही’ असं सांगून घेतलेला वेळ. शेवटी परीक्षक पोस्टरांकडे वळतात तेव्हा जेवण तयार असतं. वेळेअभावी प्रत्येकाला दोन मिनिटं. त्यातलं एक फोटोचं. फोटो जिओटॅगचाच हवा, अक्षांश-रेखांशासह, नॅकच्या फायलीला लागतो. कार्यक्रम कुठं झाला याचा पुरावा पक्का असतो. शोध कसला लागला, हे विचारणारा रकाना मला अजून दिसायचाय.

२००६ मध्ये राज्यपालांच्या पुढाकारानं ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव सुरू झाला. हेतू चांगला, आणि तिथवर पोचणारी काही पोरं खरोखर डोकं चालवतात. अडचण खालच्या पायरीवर आहे. तिथं विषय कसा असतो? ‘कराड तालुक्यातील निवडक ऊस उत्पादकांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास’. प्रश्नावली गूगल फॉर्मवर निघते, वर्गाच्या ग्रुपवर पडते आणि रात्री अकरा वाजता हॉस्टेलची पोरं ‘निवडक ऊस उत्पादक’ होऊन ती भरून टाकतात. निष्कर्ष आधीपासून तयार असतो : याबाबत जनजागृतीची गरज आहे. अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून तेवढी नक्कल हा आपला हक्कच, असं पोरं धरून चालतात. उरलेल्या नव्वद टक्क्यांत ‘शेतकरी’चा ‘कृषक’ आणि ‘पाणी’चं ‘जल’ केलं, की मौलिक भर पडली.

अशात परवा एका पोरीनं घोटाळा केला. तिनं खराच प्रश्न आणला. तिचे वडील म्हणाले होते, ‘‘एवढं शिकतीयास तर बघ की, भायेरच्या काट्यावर वजन केलं की ट्रॉली जड भरती आन् कारखान्याच्या काट्यावर हलकी कशी हुती?’’ पोरीनं विषय लिहिला : दोन काट्यांवरील उसाच्या वजनाची तुलना. उपकरणं थोडी, खर्च डिझेलचा, नमुना घरचाच. शेतकरी संघटना काटामारीवर वर्षानुवर्षं घसा कोरडा करतायत, म्हणजे विषयाचं महत्त्वही सिद्ध.

मार्गदर्शक सरांनी सिनॉप्सिस वाचला, दार लावलं आणि विचारलं, ‘‘बाळ, आपल्या संस्थेचे अध्यक्ष आणखी कशाचे अध्यक्ष आहेत, ठाऊक आहे ना?’’

वास्तविक या भागात खोलात शिरायला कुणाची हरकत नसते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि धरणाच्या पाण्याचा नि भूकंपाचा संबंध काय, या प्रश्नानं जगभरच्या शास्त्रज्ञांना इकडे ओढून आणलं. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा खुद्द कराडात आहे. तिच्यासाठी गोठण्याला काळ्या पाषाणातून पार खालच्या ग्रॅनाइटमध्ये तीन किलोमीटर भोक पाडलं. जमीन पोटात काय दडवते ते बघायला. इतकं खोल गेलं तरी कुणी विचारलं नाही, की अध्यक्ष कोण आहेत. वजनकाट्याखालचा खड्डा मात्र जेमतेम पुरुषभर, पण तिथं बॅटरी मारायची सोय नाही.

सर माणूस वाईट नाही. तासिका तत्त्वावर आहेत, पुढच्या जूनला ऑर्डर पुन्हा निघायची आहे. त्यांनीच तोडगा काढला. विषयातला कारखाना ठेवला, काटा तेवढा काढला. ‘साखर कारखाना परिसरातील फुलपाखरांची विविधता : एक अभ्यास’. पोरगी हुशार, तिनं फुलपाखरंही मन लावून मोजली. जिल्हा फेरीत निवड झाली आणि अध्यक्षांच्या शुभहस्ते सत्कार ठरला. फ्लेक्सवर यंदा तिचाही फोटो आहे, सुतळीच्या जरा वर.

वडिलांना सत्काराला यायचं होतं. पण ट्रॉली काट्यावर नंबरला होती.