छत्रीनाना

साजगावात छपरावर माणूस दिसला, तर तो एक तर पावसाळ्याआधी घर शाकारणारा असतो, नाहीतर छत्रीनाना. पहिला मे महिन्यात दिसतो. दुसरा बारमाही.

नानाचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथे ते सुखरूप आहे. खोपोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल खात्यात हेल्पर म्हणून उभा जन्म काढून नाना रिटायर झाला. रिटायर झालेली माणसं वारी धरतात, शेताकडे बघतात किंवा पारावर बसून दिल्लीचं सरकार चालवतात. नानाने छत्र्या धरल्या. छत्री म्हणजे टीव्हीची. पावसात तो स्वतः डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ घेऊन फिरतो.

त्याला बोलवावं लागत नाही. नळावर कुणी नुसतं म्हणावं, “आमचं सह्याद्री दिसत नाय दोन दिस झालं,” की पक्कड, पाना आणि काळ्या टेपचं भेंडोळं घेऊन नाना दारात हजर. घरात येत नाही, पाणी घेत नाही, थेट शिडी मागतो. टीव्ही ‘एव्ही’वरच आहे का, नातवाने रिमोटची भलतीच कळ दाबली का, डब्यामागची पिन निसटली का, असल्या चौकशा त्याला कमीपणाच्या वाटतात. चॅनेल वरून येतं, म्हणजे बिघाडही वरच असणार.

या स्वभावाचं मूळ जुन्या अँटेनात आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यालाही दिसू लागलं. साजगाव बोरघाटाच्या पायथ्याशी. सिंहगडाच्या लहरी सह्याद्रीपलीकडे अडायच्या, आणि वरळीचा तीनशे मीटरचा मनोरा जेमतेम साठ किलोमीटरवर असला तरी तिथून आलेलं चित्र डोंगरावर आपटून पुन्हा परत यायचं. त्यामुळे बातम्या देणाऱ्या प्रत्येक बाईला पडद्यावर एक जुळी बहीण असायची, आणि दोघींवरून मुंग्या चालायच्या. १९८७ साली ‘रामायण’ लागलं, तेव्हा रविवारी सकाळी अख्खी आळी एका टीव्हीपुढे आणि तरणाबांड नाना छपरावर अँटेनाचा बांबू धरून. सोडला की मुंग्या. मालिका संपेपर्यंत त्याने बांबू सोडला नाही. रामायण संपलं आणि रामाची सीता कोण, हे गावात ज्याला खरोखरच ठाऊक नव्हतं असा नाना एकटा. आवाजावरून त्याने रावण तेवढा ओळखला होता.

पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकटची डिश आली. एकदाच पैसे भरून छत्री आणि डबा घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. साजगावासारख्या गावाला आणखी काय पाहिजे? घराघरावर छत्र्या उगवल्या आणि सगळ्यांनी आग्नेयेला, खंडाळ्याच्या घाटाकडे, तोंड केलं. समोर एवढा डोंगर, मग चॅनेल दिसणार कशी, ही गावाची पहिली शंका. नानाने ती झटक्यात मिटवली. “डोंगर बघू नका, डोंगराच्या वरचं आभाळ बघा.” आणि ते बरोबरच आहे. विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्वेला ही चॅनेल पाठवणारा उपग्रह आहे. साजगावातून पाहिलं तर तो क्षितिजापासून अठ्ठावन्नेक अंश वर येतो. घाट तिथवर पोचत नाही. नानाला अंश माहीत नाहीत. तो छपरावर उभा राहून हात लांब करतो, एक डोळा मिटतो आणि आभाळातल्या एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणतो, “तिथं हाय.” शेजारी उभा असलेला माणूस नकळत तिकडे बघतोच.

आता खरा खेळ. नाना छपरावर, अंगणात एक पोरगं, आत टीव्हीपुढे घरची बाई. नाना छत्री केसभर सरकवतो आणि विचारतो, “आलं का?” पोरगं दारात तोंड घालून, “काकू, आलं का?” आतून “नाय!” पोरगं वर बघून “नाय!” पुन्हा केसभर. पंचाईत अशी की जुन्या अँटेनाचं चित्र हात हलला की हलायचं, आणि नानाचा हात त्याच शाळेत शिकलेला. डिजिटल डब्याला मात्र लहर सापडली तरी चित्र जुळवायला काही सेकंद लागतात. तो जुळवतो, काकू “आलं!” म्हणते, पोरगं “आलं!” म्हणतं, तोवर नाना दोन केस पुढे गेलेला. मग आतून “गेलं!” आणि वरून शिव्या. नानाने हलवून जरा थांबावं, हे त्याला सांगणार कोण? थांबण्यासाठी तो छपरावर चढलेला नसतोच.

एकदा असा हलवाहलवीचा रंग भरलेला असताना खालच्या रस्त्याने भाजीचा टेम्पो चालला होता. भोंगा गात होता, “आलं, लसूण, कोथिंबीर.” नानाच्या कानी त्यातला पहिलाच शब्द पोचला. त्याने नट करकचून आवळला, वर टेप गुंडाळला आणि समाधानाने खाली उतरून घरी गेला. त्या घरात आठ दिवस निळा पडदा होता.

साजगावात, म्हणजे बोंबल्या विठोबाच्या गावात, मोठ्याने ओरडण्याचं कुणाला काही वाटत नाही, हे नानाचं भाग्य. कार्तिकी एकादशीपासून इथे यात्रा भरते. पंढरीचा विठोबा उपासाचा, आमचा सुक्या मासळीच्या बाजाराचा. नानी दर वर्षी नानाला सुके बोंबील आणायला पिशवी देऊन पाठवते. तो आकाशपाळण्याच्या जनरेटरपाशी उभा राहतो, पाळणेवाल्याला जोडणीतली चूक दाखवतो आणि संध्याकाळी पिशवीत हातभर वायर घेऊन परत येतो. बोंबील मग नानी स्वतः जाऊन आणते.

नानाची खरी कीर्ती मात्र सूर्याने केली. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका त्या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. छत्रीला सूर्यही दिसतो, उपग्रहही दिसतो, आणि सूर्याच्या गलक्यात उपग्रहाचं बोलणं ऐकू येत नाही. चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं, मग जातं. काही मिनिटांनी सूर्य पुढे सरकला की आपोआप येतं. पण तेवढ्यात नाना शिडी लावतो, वर जातो, छत्रीला हात लावतो, आणि हात लागताच खालून गलका, “आलं, आलं!” असं चार-पाच घरी ओळीने झाल्यावर नानाच्या हाताला गुण आहे हे साजगावने मान्य केलं. गावात लहान मूल दचकलं तरी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला नानाला बोलावतात.

त्याच्या हाताला खराच गुण आहे, हेही सांगितलं पाहिजे. एका घरात अर्धी चॅनेल दिसायची, अर्धी नाही. दुकानदाराने नवा डबा घ्या म्हणून सांगितलं होतं. नानाने छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलेनबीची पिन काढली, तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. एलेनबीला वीज खालून त्याच वायरीतून मिळते. तेरा व्होल्ट पोचले की तो उभ्या लहरी घेतो, अठरा पोचले की आडव्या. गंजलेल्या पिनेतून अठरा काही पोचत नव्हते. यातलं तेरा-अठरा नानाला ठाऊक नाही. त्याने चार बोटं वायर कापून टाकली, नवी पिन बसवली, वरून टेप मारला आणि पिनेच्या अलीकडे वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी झोळातूनच ठिबकावं. इतकं निगुतीचं काम करणारा हाच माणूस दुसऱ्या दिवशी रिमोटमधले सेल संपलेल्या घरी जाऊन छत्री काढून खाली ठेवतो.

नानाच्या आयुष्यातला मोठा दिवस म्हणजे १ एप्रिल २०२२. दूरदर्शनच्या या फुकटच्या डिशवर खासगी चॅनेलांना लिलावात वर्षभराची जागा घ्यावी लागते, आणि ते वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या वर्षी स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल ही चारही बाहेर पडली. साजगावात एकाच सकाळी घरोघर त्याच मालिका बुडाल्या. शहाण्या माणसाला एवढ्यावरूनच कळलं असतं की सगळ्यांच्या छत्र्या एका रात्रीत एकदम कशा हलतील. नानाला कळलं ते एवढंच, की आज काम भरपूर आहे. तो सकाळी पहिल्या छपरावर चढला आणि दिवेलागणीला शेवटच्यावरून उतरला. संध्याकाळपर्यंत त्याचा हात लागलेल्या घरांतून ती चार चॅनेल आली नाहीतच, उरलेलीही गेली. शेवटी एका मास्तरांनी त्याला ओट्यावर बसवून पेपरातली बातमी वाचून दाखवली. कंपन्यांनी स्वतःहून चॅनेल काढली आहेत. नानाने मान हलवत सगळं ऐकलं. मग म्हणाला, “म्हंजे त्यांच्याकडची छत्री हलली.”

मधे त्याला जुना बांबू पुन्हा उभारायची संधी मिळाली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई धरून सोळा शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. छत्री नको, नुसती अँटेना. हे ऐकून नानाने माळ्यावरची अॅल्युमिनियमची अँटेना काढली, काड्या सरळ केल्या आणि वरळीकडे तोंड करून बांधली. स्कॅन लावला. चॅनेल शून्य. टीव्हीत त्या डिजिटलचा ट्यूनर नव्हता. काड्या जुन्या लांब लहरींच्या मापाच्या, नवं प्रक्षेपण आखूड लहरींचं. आणि मध्ये इतकं अंतर. यातलं एकेक कारण पुरेसं होतं. नानाला मात्र खटकलं ते वेगळंच. पडद्यावर मुंग्यासुद्धा नाहीत. जुनं चित्र आजारी पडायचं, हळूहळू खंगायचं, चार माणसांना धावाधाव करायला वेळ द्यायचं. डिजिटल एक तर ठणठणीत असतं, नाहीतर नसतंच. जिथे मुंग्याही नाहीत तिथे हलवायचं तरी कशाकडे बघून? २०२१-२२ मध्ये दूरदर्शनने मोजकी ठिकाणं सोडून देशभरातली जुनी प्रक्षेपणं टप्प्याटप्प्याने बंद केली, तेव्हा नानाने ती अँटेना उतरवली. नानी तिच्यावर आता पापड वाळत घालते.

पावसाळ्यात नाना चिडचिडा होतो. घाटावर ढग उतरला की छत्रीच्या बारीक लहरी पाण्यातच जिरतात. ढग जाईतो गप्प बसणं हा एकच उपाय, आणि तेवढा एक त्याला जमत नाही. एकदा भर आषाढात तो कौलांवर चढला. चार कौलं फुटली. चॅनेल आलं नाही, पाणी मात्र बरोबर टीव्हीवर आलं.

या सगळ्यात नाना टीव्ही बघतो का? नाही. त्याच्या घरचं चित्र आरशासारखं आहे, त्यामुळे त्याला त्यात रस नाही. नानी मालिका बघत असते, सून रडायच्या बेतात असते, आणि नाना मध्येच मेन्यू उघडून क्वालिटीची पट्टी काढतो. पट्टी अठ्ठ्याहत्तरवर. “ऐंशी पाहिजे होती,” म्हणून तो उठतो. नानी रिमोट तांदळाच्या डब्यात ठेवते.

हल्ली नातवाने घरात वायफाय घेतलंय. भिंतीवर चढवलेला तो डबा नानाने पहिल्याच दिवशी उतरवून आग्नेयेला तोंड करून ठेवला. परवा नेट बंद पडलं. नातू म्हणाला, “आजोबा, काय नाय झालं, रिचार्ज संपलाय.” नाना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता. तिथूनच त्याने विचारलं, “आन् रिचार्ज येतो कुठनं? वरनंच ना?”