दत्तक गावचे तात्या

राष्ट्रीय सेवा योजनेनं गाव दत्तक घेतलं की गावाबरोबर एक तात्याही आपसूक पदरात पडतात. बीडकडच्या कोरडवाहू गावात तर हमखास. हिवाळ्यात कॉलेजचा टेम्पो शाळेपुढं थांबला, की तात्या टोपी सारखी करून पारावर येऊन बसतात. सात दिवस गरिबीचा विषय त्यांच्याकडे असतो.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. उद्घाटनाच्या भाषणात हे तात्यांनी इतक्यांदा ऐकलंय, की पाहुण्यांचा आकडा चुकला तर ते सतरंजीवरूनच दुरुस्त करतात.

सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा म्हणून पोरं मातीनं भरलेल्या गोण्या रचतात आणि जेवायला जातात. तेवढ्यात तात्या त्या काढून पुन्हा रचतात. पाणी काही पोरांचा उत्साह बघून थांबत नाही. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक शिबिर झालं, की पोरांना प्रमाणपत्र मिळतं. तात्यांचे तास कुणाच्याच वहीत नाहीत.

त्यांची खरी हुकमत सर्वेक्षणात. मुलगी फॉर्म उघडून विचारते, "आजोबा, शौचालय आहे का?"

"आहे. पण ते मागच्या पानावर. आधी कर्जाचं लिव्ह."

उत्पन्न जरा बरं सांगितलं की पोरीचा चेहरा उतरतो. मग तात्या आकडा खाली आणतात. लांबून आलेल्या लेकराला नाराज कसं करायचं?

तांड्यावर मात्र दाराला कुलूप, पलीकडच्याही दाराला कुलूप. पोरं इमानदारीत लिहितात : 'घर बंद'.

"गरीब बघायला आलात ना?" तात्या म्हणतात. "ते दिवाळीच्या आगेमागेच गेले. मुकादमाची उचल घेतलेली, ती फेडायला नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला. कारखाना बंद होईस्तोवर येत नाहीत. मागं राहिलो ते आम्ही, खाऊनपिऊन सुखी."

पोरं पेन थांबवून बघत राहतात. फॉर्मात या उत्तराला रकाना नसतो. शेवटच्या दिवशी तात्यांना शाल-श्रीफळ मिळतं, आणि अहवालात गावची गरिबी आटोक्यात दिसते. कशी नाही दिसणार? ती चार जिल्हे पलीकडं ऊस तोडत असते.

तेव्हा कार्यक्रम अधिकारी सर, शिबिराची तारीख सहामाही परीक्षा बघून ठरते हे मान्य. पण एकदा पोरांना उसाच्या फडावर, कोप्यांपाशी न्या. फॉर्म नेला नाही तरी चालेल. पहाटे उठायची तयारी तेवढी ठेवा.