सध्या द्यायचा नाही

रायपूरला तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत कुठल्याही मराठी घरी चहाला बसा, हे काका भेटतातच. वीज मंडळातून नाहीतर बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा झब्बा, आणि कचन्याच्या रेल्वे फाटकापलीकडे एक प्लॉट. 1 नोव्हेंबर 2000 ला रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि पुढच्या काही वर्षांत काकांनी पीएफमधून उचल घेऊन धानाच्या शेतांमध्ये ही जागा घेतली. "तेव्हा तिकडे रिक्षावाला यायचा नाही," हे ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात. जुन्यालाही.

बाजार विकणाऱ्याचा आहे, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते रोज भाव सांगतात. विकत मात्र नाहीत.

एकदा भिलाईच्या एका पार्टीने काकांचा आकडा ऐकला आणि म्हणाली, "डन, अंकल. बयाना कल." घासाघीस नाही, काही नाही. काकांची झोप उडाली. याने मान्यच कसं केलं? नक्कीच तिकडून मोठा रस्ता जाणार, याला आतली बातमी आहे! सकाळी पार्टी नोटा घेऊन दारात, तर काका म्हणाले, "मुलाला विचारावं लागेल." मुलगा पुण्यात असतो. हिंजवडीकडे टू बीएचके शोधून तो बिचारा थकलाय, तिथले विकणारे त्याला सांगतात, "मुलीला विचारून कळवतो."

जमिनीच्या सरकारी गाइडलाइन दरावर काकांचा रक्तदाब चालतो. 2019 मध्ये सरकारने ते दर 30 टक्क्यांनी उतरवले, तेव्हा काका महाराष्ट्र मंडळात कोणाशी धड बोलत नव्हते. 1 एप्रिल 2024 पासून ती सूट गेली, तर पेढे वाटले. दर चढले की रजिस्ट्रीचा खर्च चढतो आणि घेणारा दोनदा विचार करतो, हे सांगायचा एकाने प्रयत्न केला. त्याला पेढा मिळाला नाही.

खरी गोम वेगळीच आहे. प्लॉट विकला तर आलेल्या पैशाचं करायचं काय? काकांचा विश्वास फक्त जमिनीवर. म्हणजे विकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना याच बाजारात घेणारा म्हणून उभं राहावं लागणार, आणि घेणाऱ्याची इथे काय दशा करतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? तरी एकदा अमलीडीहला एक जागा बघायला गेले होते. तिथल्या मालकांनी भाव सांगितला, नकाशा-खसरा दाखवला, चहा पाजला आणि म्हणाले, "पण सध्या द्यायचा नाही." काका खूश होऊन परतले. "माणूस हुशार आहे हो!"

आता एक गोष्ट कामाची. बाईच्या नावावर रजिस्ट्री केली की मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचतो, म्हणून प्लॉट काकूंच्या नावावर आहे. जमिनीच्या बी-1 उताऱ्यावर त्यांचंच नाव आहे, कोणीही बघून घ्यावं. काकूंना गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय आणि त्यांचा आकडा काकांपेक्षा बराच माणसातला आहे. तुम्हाला खरंच घ्यायचा असेल तर सकाळी अकराच्या सुमारास जा. काका तेव्हा मंडळात भाव सांगत असतात.