बास्केटबॉलची कारणं

परवा एका मुंजीच्या जेवणात जरतरकर नेमके माझ्या शेजारी येऊन बसले आणि मठ्ठा वाढून व्हायच्या आत 2011 साल सुरू झालं.

"तो ट्रेड झाला असता ना..."

समोरच्या दोघांनी ताटं उचलून टेबल बदललं. मला ते जमलं नाही, कारण माझ्या पानात नुकतीच जिलबी पडली होती.

तुमच्या ओळखीत एखादा जरतरकर असणारच. पुण्यात असला तर तो विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, इथून निघतो आणि अटकेच्या पलीकडे जाऊनच पाणी पितो. जयंत नारळीकरांनीही पानिपत जिंकल्याची कल्पना करून कथा लिहिली. पण त्यांनी ती एकदा लिहिली. आमचे जरतरकर लॉस एंजेलिसजवळ राहतात. त्यांचं पानिपत 8 डिसेंबर 2011 रोजी झालं आणि तेव्हापासून ते दर शनिवारी होतं.

त्यांचं खरं आडनावही 'कर'वरच संपतं, त्यामुळे बारसं करताना आम्हाला फार कष्ट पडले नाहीत. आत्याबाईला मिशा असत्या तर, असं म्हणून चारचौघं विषय संपवतात. जरतरकर त्या मिशांना तेल लावून पीळ भरत बसतात.

आता तुम्हीही ऐकाच. मी एकट्याने का सोसायचं?

अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. इथल्या मराठी मंडळातल्या एका आजींना हे कळेना, तेव्हा जरतरकरांनी एका वाक्यात समजावलं. "आजी, बोहारीण! आपण दोन जुन्या साड्या द्यायच्या आणि पातेलं घ्यायचं." आजींना पटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पण साडीला विचारतात का?" बहुतेकदा नाही विचारत.

तर जरतरकरांच्या लाडक्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाने असंच एक पातेलं ठरवलं होतं. मुंजीच्या ताटात जरतरकरांनी ते मांडूनच दाखवलं. लिंबाची फोड म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा क्रिस पॉल. ती यायची लेकर्सकडे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भातावर. चटणी म्हणजे पाऊ गॅसोल, तो जायचा ह्यूस्टनला. कोशिंबीर, म्हणजे लमार ओडम, न्यू ऑर्लिन्सला. शिवाय ह्यूस्टनकडून केविन मार्टिन, लुईस स्कोला, गोरान ड्रागिच आणि पहिल्या फेरीतला एक ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, हेही तिकडेच. त्यासाठी त्यांनी माझी भजी घेतली. तिन्ही संघ कबूल होते.

"आणि मग?" असं विचारायचं नसतं. मी विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलं.

न्यू ऑर्लिन्सच्या संघाला तेव्हा मालकच नव्हता. लीगने तो वर्षभरापूर्वी स्वतःच विकत घेतला होता, म्हणजे उरलेले 29 मालक मिळून तिसाव्याचे मालक. मालक आणि खेळाडूंच्या भांडणातली टाळेबंदी संपून नवा करार मंजूर झाला तो हाच दिवस. लहान शहरांच्या संघांचं भलं व्हावं म्हणून महिनोन् महिने भांडून तो करार झाला आणि त्याच संध्याकाळी लेकर्सच्या घरात आणखी एक सितारा येणार! क्लीव्हलँडचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना जळजळीत पत्र धाडलं. स्टर्ननी अदलाबदल रद्द केली. कारण? लीगकडून सांगण्यात आलं, 'बास्केटबॉलची कारणं'.

या दोन शब्दांनी जरतरकरांचं घर खाल्लं. ते इतक्यांदा उच्चारले गेले की वहिनींनी उचलले. जरतरकर दुसऱ्यांदा बासुंदी मागतात, वहिनी पातेल्यावर झाकण ठेवतात. "का गं?" "बास्केटबॉलची कारणं." साठ इंची टीव्ही नको, का? बास्केटबॉलची कारणं. आता मंडळाच्या सभेतही खजिनदार ढोलपथकाचं बिल नामंजूर करताना हेच बोलतात आणि इतिवृत्तात तशी नोंद होते.

सहा दिवसांनी पॉल लॉस एंजेलिसला आलाच, पण क्लिपर्सकडे. तीच इमारत, शेजारची खोली. चाळीत राहिलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. आपल्याकडे सांगून आलेलं स्थळ शेजाऱ्याच्या मुलीशी लग्न लावतं आणि मग रोज जिन्यात भेटतं. जरतरकरांनी लिंबाची फोड उचलून माझ्या ताटात टाकली. मी ती वरणावर पिळायला घेतली तर माझा हात धरला. "थांब. अजून ओडम राहिलाय."

ओडमला आपल्याला विकायला काढलं होतं, हे लागलं. तीन दिवसांत तो डॅलसला गेला. पुढल्या वर्षी लेकर्सनी स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आणले. नॅशचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला, हॉवर्ड वर्षभरात ह्यूस्टनला निघून गेला. एप्रिल 2013 मध्ये लेकर्सच्या कोबी ब्रायंटच्या टाचेची शीर तुटली. तशा पायावर त्याने दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत, आणि चालत बाहेर गेला. पॉल असता तर कोबीला इतकी मिनिटं खेळावं लागलं असतं का? ह्यूस्टनने 2012 मध्ये जेम्स हार्डनला आणलं ते केविन मार्टिन देऊन. मार्टिनच आधी न्यू ऑर्लिन्सला गेलेला असता तर हार्डन कुठला यायला? जरतरकरांचा हा वंशवृक्ष वाढतच जातो. एकदा तर त्यांनी ढोकळा बिघडल्याचा संबंधही स्टर्नपर्यंत नेला होता.

त्या दिवशी मात्र मी तयारीने आलो होतो. म्हटलं, "ट्रेड झाला असता तर न्यू ऑर्लिन्सकडे ओडम, मार्टिन, स्कोला आले असते. म्हणजे संघ बरा झाला असता. ते 66 पैकी 21 सामने जिंकून तळाजवळ गेले म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीची लॉटरी लागली आणि अँथनी डेव्हिस मिळाला. तोच डेव्हिस 2019 मध्ये लेकर्सकडे आला आणि 2020 चं विजेतेपद मिळालं. स्टर्ननी तुम्हाला कप दिलाय, आणि तुम्ही शिव्या देताय."

जरतरकर गप्प झाले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. मी लिंबू पिळलं, पण वरणाला चव लागेना.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मग डेव्हिस शार्लटला गेला असता. त्या वर्षी ते फक्त 7 सामने जिंकले होते." आणि स्वतःशीच हसले. "शार्लट!"

शार्लट त्यांच्या बोलण्यात जपून येतं. 1996 च्या उन्हाळ्यात शार्लटने ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर एक सतरा वर्षांचा मुलगा निवडला आणि व्लादे दिवाचच्या बदल्यात लेकर्सना देऊन टाकला. दिवाच म्हणाला, लॉस एंजेलिस सोडण्यापेक्षा मी खेळच सोडतो. त्याची समजूत पटली नसती तर कोबी तिथेच राहिला असता. त्याच उन्हाळ्यात मुंबईत जरतरकरांच्या हातात दोन नोकऱ्या होत्या: जास्त पगाराची शार्लटची, कमी पगाराची लॉस एंजेलिसची. वहिनींनी शार्लटला नाही म्हटलं. "कोबी आणि मी एकाच मोसमात आलो," हे ते असं सांगतात, जणू विमानात शेजारी बसले होते. वहिनींच्या आई तेव्हापासून विचारत, "हा कोबी कोण? आणि तो खातो काय?"

26 जानेवारी 2020 ला हेलिकॉप्टर पडलं. कोबी, त्याची तेरा वर्षांची मुलगी आणि आणखी सात जण. संध्याकाळी आम्ही चौघं-पाच जण त्यांच्याकडे गेलो. खरं सांगतो, मला धास्ती होती. धुकं नसतं तर, उशिरा निघाले असते तर; हा माणूस रात्रभर थांबायचा नाही. त्यांनी एकही जर काढला नाही. दिवाणखान्यात बसून राहिले, आलेल्यांना पाणी दिलं, चपला नीट लावून ठेवल्या. वहिनींनी कितीतरी दिवस कोबीची भाजी केली नाही. विचारलं नाही कुणी, सांगितलंही नाही. हा गृहस्थ मला तोवर फक्त टाळण्याजोगा वाटत होता.

मुंजीनंतर मी वहिनींना भांडी गाडीत ठेवायला मदत करत होतो. सहज विचारलं, "शार्लटला नाही का म्हणालात? समुद्र नव्हता म्हणून?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी माहेरी होते, रत्नागिरीला. फोनची लाइन ही अशी. मला नुसतं 'शा' ऐकू आलं. वाटलं, शिकागो म्हणतायत. तिथे मरणाचं बर्फ, एवढं माहीत होतं. म्हटलं, तिकडे नको."

"मग कळलं कधी?"

"दोन वर्षांनी. तोवर पडदे शिवून झाले होते." डबा बंद करत त्या म्हणाल्या, "यांना बोलू नका हं. पहिल्यापासून सुरू करतील."

हे छापून आलं तरी मला भीती नाही. जरतरकर सामन्यांच्या आकडेवारीशिवाय काही वाचत नाहीत. गेल्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनी आमटी वाढत होत्या.

"तो ट्रेड झाला असता ना..." जरतरकर म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी तोंडाला लावली.