आठ वार, गुडघ्यापर्यंत

चंद्रपूरच्या गोल बाजारात एखाद्या गिऱ्हाइकानं आठ वार लोकरी कापड मागितलं, तर दुकानदार आधी पंख्याकडे पाहील, मग गिऱ्हाइकाकडे. वैशाखात पारा 47 अंशांवर गेला तरी ज्या गावाला त्याचं फारसं काही वाटत नाही, तिथं लोकर म्हणजे स्वेटर, आणि तोही डिसेंबरात. त्यातून गिऱ्हाईक हळूच सांगणार, की या आठ वारांतून एकच वस्त्र निघणार, ते कमरेपासून जेमतेम गुडघ्यापर्यंत येणार आणि पुरुष ते घालणार. ‘काहून जी, परकर शिवाचा हाये का?’ हा प्रश्न मग टळत नाही.

परकर नव्हे, किल्ट. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या पुरुषांचा चौकटीचौकटींचा पोशाख. घरी बसून हातानं शिवायचा म्हटला, तर सराईत माणसाचेही वीसपेक्षा जास्त तास त्यात जातात. नवशिक्याचं तर विचारूच नये.

आठ वार ऐकून झाडीपट्टीतल्या आज्या मात्र दचकणार नाहीत. त्यांचं लुगडंच नऊ वारांचं. त्यात टाका नाही, बटण नाही, बक्कल नाही, आणि तरी कासोटा घालून धानाची रोवणी होते, मोहफुलं वेचली जातात, तेंदूची पानं तोडली जातात. एवढ्या कापडाच्या निऱ्या रोज पहाटे, बहुधा अंधारातच, दोन मिनिटांत घालणाऱ्या बाईला त्याच निऱ्या कायमच्या शिवून टाकण्यात वीस तास घालवणारा माणूस रिकामटेकडा वाटला, तर दोष तिचा नाही.

गंमत म्हणजे किल्टही मुळात बिनशिलाईचाच होता. लांबलचक लोकरी कापड जमिनीवर पसरायचं, खालून पट्टा सरकवायचा, चुण्या पाडायच्या, त्यावर आडवं व्हायचं, पट्टा आवळायचा आणि उठायचं. वरचा भाग खांद्यावर, पाऊस आला की डोक्यावर, रात्री तेच पांघरूण. मेंढ्यांमागं फिरणाऱ्या आपल्या कुरमारांना हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही; घोंगडं त्यांच्याही खांद्यावर असतंच.

मग सुई-दोरा आला कुठून? त्याची जी कथा सांगतात, ती लोहखाणींच्या सूरजागडच्या शेजाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात जंगल आहे आणि लोखंडही. टॉमस रॉलिन्सन नावाचा इंग्रज लोखंडवाला 1720 च्या दशकात स्कॉटलंडातल्या ग्लेनगॅरीला आला. कोळशासाठी त्यानं तिथलं जंगल घेतलं आणि भट्टी घातली. झाडं तोडताना आणि भट्टीपुढं राबताना मजुरांना ते भलंमोठं कापड आवरेना. तेव्हा खालचा अर्धा भाग वेगळा काढून त्याच्या चुण्या शिवून टाकण्याची युक्ती निघाली, असं सांगणारं पत्र 1785 मध्ये छापून आलं. आपला राष्ट्रीय पोशाख एका इंग्रज कारखानदारानं दिला, हे ऐकून स्कॉटिश माणूस आजही भडकतो. अर्धा किल्ट त्याच्याही आधीपासून होता, असे पुरावे पुढं करणारे अभ्यासक आहेतच. भांडण मिटलेलं नाही, आणि मिटूही नये. त्यात मजा आहे. मधल्या काळात, 1746 च्या कायद्यानं या पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. 1822 मध्ये तर राजा चौथा जॉर्ज एडिंबरोत स्वतः किल्ट घालून मिरवला. खाली गुलाबी तंग विजार होती. एवढी लाज त्यानं राखली.

आपल्याकडे आलेला नामांकित स्कॉटिश माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. 1845 मध्ये नागपूरला आलेला हा मिशनरी, दगड फोडून जीवाश्म जमवणारा आणि गोंडांची गाणी-कथा टिपून ठेवणारा. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, मुलखात किल्ट प्रथम त्यानंच आणला, असं लिहायला लेखणी शिवशिवते. पण त्याचं जन्मगाव डन्स इंग्लंडच्या सीमेजवळचं, आणि किल्ट उत्तरेतल्या डोंगरातला. हिस्लॉपसाहेब पाटलोणीतच फिरले असणार.

आता शिवणकाम. खरी परीक्षा चौकटींची. प्रत्येक चुणी अशी पाडायची, की पंचवीसेक चुण्या पडूनही मागच्या बाजूला कापडाची नक्षी अखंड दिसावी. त्यात माणूस ढुंगणाशी रुंद आणि कमरेशी अरुंद (निदान तशी अपेक्षा असते), म्हणून प्रत्येक चुणी वर जाताना निमुळती करायची. एका चुणीत एक सूत चुकलं, तर पंचविसांत तीन इंचांवर चुकतं. म्हणजे किल्ट एक तर चढत नाही, नाही तर टिकत नाही. चुण्या आधी कच्च्या टाक्यांनी धरायच्या, मग नक्षीतल्या पट्ट्याच्या कडेनं बारीक टाके घालत पक्क्या करायच्या. खाली दुमड नाही, कापडाचा मूळ काठच खाली येतो. आणि एवढं सगळं जमल्यावर आतल्या बाजूनं, कमरेशी साचलेले जादा थर कात्रीनं कापून काढायचे. इथं भल्याभल्यांचे हात थरथरतात.

या कामावरचं नावाजलेलं इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्या दोघींपैकी बार्बरा ट्यूक्सबरी या अमेरिकेत भूशास्त्राच्या प्राध्यापक. खडकांना पडलेल्या घड्या अभ्यासणाऱ्या बाईंना कापडाच्या घड्यांचं काय भय!

तयार झालेला किल्ट आपल्याकडे घालायचा कुठं, हा प्रश्न उरतो. उत्तर आहे, शेजारच्या गडचिरोलीतलं वडसा. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू झाला, की रात्रभर चालणाऱ्या नाटकांत काहीही खपतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. गावोगावच्या मंडपांत लोकांना हसवून मिळालेला तो मान आहे. तिथं किल्टवाला साहेब प्रवेश करताच हशा हमखास, आणि थंडीच्या पहाटे लोकरीचं महत्त्वही नटाला पटेल.

फक्त एक अडचण. किल्टला खिसा नसतो. म्हणून पुढं एक चामडी पिशवी लटकवतात, स्पोरन. स्कॉटिश माणूस तिच्यात काय ठेवतो, हा त्याचा प्रश्न. आपल्याकडे तिच्यात तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि गडचिरोलीत 2016 पासून दारू-तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ ही मोहीम चालू आहे. तेव्हा विंगेत कुणी कार्यकर्ता दिसलाच, तर साहेबानं पिशवी मागं सरकवून चुण्यांत लपवावी. आठ वार आहेत, जागा पुष्कळ.