वॉलरसदर्शनाची कलमबंदी

स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या निर्जन किनाऱ्यांवर नौकेने जाऊन तेथील वन्य प्राण्यांचे दर्शन घेण्याची इच्छा ज्यांस झाली असेल, त्यांनी सर्वप्रथम हे ध्यानी धरावे की त्या मुलुखात आपण पाहुणेसुद्धा नसून निव्वळ उपरे आहोत. आणि ही गोष्ट सेवानिवृत्त मामलेदारास पटवून देणे ब्रह्मदेवाच्याही आवाक्यातले नाही. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, हे तशांपैकी एक. लोकमान्यांनी आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचा सिद्धान्त १९०३ साली ग्रंथरूपाने मांडला, एवढ्या आधारावर तो सारा प्रदेश वडिलोपार्जित असून केवळ फेरफार नोंदवायचा राहिला आहे, अशी त्यांची धारणा होती. नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या १९२० च्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनेही सही झाली आहे, असे वाटाड्याने सौजन्यपूर्वक सांगितले, तेव्हा दावा दुप्पट झाला.

कलम पहिले पादत्राणांचे. जहाजावरून रबरी होडीत उतरण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून ते जंतुनाशक द्रावणात बुडवावे लागतात, आणि खिशांत व शिवणींत दडलेले परक्या वनस्पतीचे बी त्या भूमीत रुजू नये म्हणून कपड्यांवरून धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी फिरवतात. दाजींच्या खिशातून बडीशेप निघाली. पंचनामा बराच वेळ चालला.

होडीत उतरताना खलाशाचा पंजा धरू नये. त्याने आपले व आपण त्याचे मनगटाच्या वर धरावे, कारण ओला पंजा निसटतो. कॅमेरा आधीच पिशवीत टाकून दोन्ही हात मोकळे ठेवावेत. हे थट्टेवारी नेण्याजोगे नाही. पाणी बर्फाचे असते.

एकदा बसल्यावर उठू नये.

आता मुख्य कलम. किनाऱ्यावर प्रथम बंदूकधारी वाटाड्या उतरतो व अस्वल नाही याची खातरजमा करतो. मागाहून आपण एका घोळक्याने, वाऱ्याची दिशा सांभाळून, मुकाट्याने वॉलरसांकडे सरकावे, आणि एकाने जरी मान उचलली तरी जागच्या जागी थांबावे. कारण घाबरून सगळा कळप समुद्राकडे धावला तर पिल्ले चिरडली जातात. शतकानुशतकांच्या शिकारीने येथून जवळजवळ नामशेष झालेल्या या प्राण्यास १९५२ पासून कायद्याचे अभय आहे, आणि दीड टन वजनाचा नर ते अभय पुरेपूर उपभोगतो. वास असह्य असतो. जुलै महिना असूनही माझ्या पायांची बोटे बधिर झाली होती, आणि दाजी विचारीत होते, “ह्यांच्यात मुख्य कोण?” एका बुजुर्गाने सुळे उचलून त्यांच्याकडे पाहिले, वल्ह्यासारख्या हाताने स्वतःची मान खाजवली आणि शेजाऱ्याच्या पोटावर डोके टेकून पुन्हा डोळे मिटले. दाजी प्रथमच निरुत्तर झाले. मग माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाले, “अरे, ह्यांचं बरं आहे. ह्यांना निवृत्तीनंतर ‘दिवसभर काय करता’ असं कोणी विचारत नाही.”

ध्रुवीय कुररी हा पक्षी घरट्याजवळ येणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतो. तो सर्वांत उंच टोकावर हल्ला करतो, म्हणून काठी डोक्यावर उभी धरून आल्या वाटेने माघार घ्यावी. अक्काने बळेच दिलेल्या छत्रीची आम्ही यथेच्छ टवाळी केली होती. माघारीच्या वेळी तिच्या आश्रयास सर्वांत आधी मी गेलो, आणि दाजींनी, त्यांचे हे करावे तेवढे कौतुक थोडे, एक शब्द न बोलता ती माझ्या बाजूला कलती धरली.

अस्वलासंबंधी फारसे मार्गदर्शन नको. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्यापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून ५०० मीटर दूर राहण्याचा दंडक आहे. दाजींनी सवलतीचा अर्ज कोणाकडे करावा याची चौकशी केली, वाटाड्या हसला, आणि होडीतूनच छायाचित्र निघाले. ते आता अक्काच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेले आहे. ध्रुवीय अस्वल शुभ्र नसून किंचित पिवळसर दिसते हे माहीत नसलेल्या अभ्यागतांसाठी दाजींनी त्यावर तांबड्या पेन्सिलीने बाण काढून खाली तारखेसह सही केली आहे. बाणाचा रोख, माझ्या मते, शेजारच्या दगडाकडे आहे. पण सही झालेल्या कागदावर हरकत घेणारा मी कोण?